इंजिन हवं असेल, तर गाडी घ्या

अमेरिकेत विमा कंपन्यांच्या लिलावात २००० सालच्या आसपासची शेव्हरोले कॅमारो किंवा पाँटिॲक फायरबर्ड आली, की बोली लावणारे दोन हिशेब मांडतात. काहींना ती दुरुस्त करून पुन्हा रस्त्यावर आणायची असते. त्यांना दारं, छप्पर आणि चेसिस शाबूत हवं. इतर काही जण गाडीच्या मागे जातात, चेपलेली डिकी बघतात आणि मनोमन खूश होतात. मागून मार बसलाय, म्हणजे पुढचं इंजिन बहुधा वाचलंय. त्यांना ही गाडी चालवायचीच नाही. तिचं इंजिन, गिअरबॉक्स आणि वायरिंग काढून दुसऱ्याच एखाद्या गाडीत बसवायचं आहे.

या उद्योगाला तिकडे इंजिन स्वॅप म्हणतात आणि जिचे भाग काढले जातात ती डोनर गाडी. दोनशे किलोचं धूड उचलून परक्या बॉनेटखाली बसवणं हेच यातलं मोठं काम, असा बाहेरून बघणाऱ्याचा समज होतो. ते दिसायला मोठं असतं खरं. पण स्वॅप अर्धवट राहतात ते बहुधा छोट्या गोष्टींपायी: न जुळणारी पुली, अनोळखी संगणक, नेमका कमी पडलेला एक सेन्सर, किंवा सरकारी तपासणीत अडकलेला कागद. म्हणून जाणकार सुटं इंजिन शोधत बसत नाहीत, अख्खी ठोकलेली गाडी शोधतात.

चांगलं इंजिन भंगारात कसं येतं?

अपघातानंतर विमा कंपनी दुरुस्तीचा खर्च आणि गाडीची बाजारातली किंमत शेजारी ठेवून बघते. खर्च ठरावीक मर्यादेपलीकडे गेला, की गाडी टोटल लॉस. ही मर्यादा अमेरिकेत राज्यागणिक बदलते. अनेक राज्यांत ती किमतीच्या ७५ टक्के आहे, टेक्साससारख्या राज्यात १०० टक्के, तर काही ठिकाणी दुरुस्तीच्या खर्चात भंगाराची किंमत मिळवून हिशेब होतो. आपल्याकडेही दुरुस्ती विम्यातल्या घोषित किमतीच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांवर गेली तर गाडी टोटल लॉस धरली जाते.

या हिशेबाला इंजिनाशी काही देणंघेणं नसतं. स्पोर्ट्स कार जुनी होते तशी तिची किंमत घसरते. पण एअरबॅग, दिवे, पत्रा, रंगकाम आणि मजुरी आजच्याच दराने लागते. त्यामुळे मागचा पत्रा चेपलेली, इंजिनाला ओरखडाही नसलेली गाडी कागदोपत्री मरते. तिच्या मालकीहक्काच्या कागदावर सॅल्व्हेज असा शिक्का बसतो आणि ती लिलावाच्या यार्डात जाते. १९८२ साली कॅलिफोर्नियातल्या वालेहो इथे एका यार्डापासून सुरू झालेली कोपार्ट ही अशा लिलावांतली मोठी कंपनी. गाडीला चावी आहे का, ती सुरू होते का, थोडीफार चालते का, हे तिच्या यादीत लिहिलेलं असतं. डोनर शोधणाऱ्याच्या दृष्टीने या तीन नोंदी फोटोंइतक्याच महत्त्वाच्या.

फोर्डच्या व्ही-८पासून

ही परंपरा जुनी आहे. फोर्डने १९३२ साली सामान्य माणसाला परवडणारी व्ही-८ गाडी काढली आणि दक्षिण कॅलिफोर्नियातल्या पोरांना हलक्या गाडीत मोठं इंजिन टाकायचा नाद लागला. दुसऱ्या महायुद्धानंतर तो फोफावला. १९४९ साली कॅडिलॅक आणि ओल्डस्मोबिलने नव्या धाटणीचे व्ही-८ आणले आणि १९५५ मध्ये शेव्हरोलेने ४.३ लिटरचा स्मॉल-ब्लॉक व्ही-८ काढला. आटोपशीर, हलका आणि मुबलक मिळणारा हा व्ही-८ पुढे जुन्या फोर्ड गाड्यांत सर्रास बसू लागला.

कारखान्यांच्या जगातही हे घडलं. एसी एस ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार ब्रिस्टलच्या इंजिनावर चालायची आणि त्या इंजिनाचं उत्पादन बंद होत चाललं होतं. कॅरोल शेल्बी या अमेरिकन शर्यतपटूने १९६२ मध्ये त्या हलक्या गाडीत फोर्डचा व्ही-८ बसवला आणि कोब्रा जन्माला आली. शेल्बीला फोर्डकडून नवी इंजिनं मिळत होती. घरच्या गॅरेजमध्ये काम करणाऱ्यासाठी मात्र त्याच कल्पनेचा स्वस्त मार्ग भंगारातूनच जातो.

एलएस-१ इतकं का चालतं?

आज अमेरिकेत इंजिन स्वॅप म्हटलं की पहिलं नाव येतं जनरल मोटर्सच्या एलएस घराण्याचं. त्यातलं पहिलं, एलएस-१, १९९७ च्या कॉर्व्हेटमध्ये आलं. क्षमता ५.७ लिटर, ताकद ३४५ अश्वशक्ती, ब्लॉक ॲल्युमिनियमचा आणि आत बिडाचे लाइनर. पुढच्या वर्षी तेच इंजिन थोड्या कमी ताकदीत कॅमारो आणि फायरबर्डमध्ये आलं आणि २००२ मध्ये त्या गाड्यांचं उत्पादन थांबेपर्यंत तिथेच राहिलं.

तंत्रज्ञान म्हणून ते जुन्या वळणाचं वाटेल. आजच्या अनेक व्ही-८ इंजिनांत प्रत्येक हेडवर दोन-दोन असे चार कॅमशाफ्ट असतात. एलएस-१ मध्ये एकच कॅमशाफ्ट, तोही ब्लॉकच्या मधोमध, आणि तिथून लांब पुशरॉड वर जाऊन व्हॉल्व्ह उघडतात. स्वॅप करणाऱ्यांना हेच सोयीचं पडतं. डोक्यावर कॅमशाफ्ट नसल्याने हेड लहान राहतात आणि अख्खं इंजिन अरुंद व बुटकं होतं. त्यामुळे मूळचं चार सिलिंडरचं इंजिन जिथे होतं, तिथे आठ सिलिंडर मावतात.

दुसरं कारण घराण्याचं साम्य. ४.८ लिटरच्या ट्रकच्या इंजिनापासून ७ लिटरच्या एलएस-७ पर्यंत ब्लॉकवरच्या माउंटिंगच्या जागा आणि गिअरबॉक्स जोडण्याचे बोल्ट जवळपास सारखे आहेत. एकासाठी बनवलेली माउंटिंग बाकीच्यांनाही चालतात. म्हणून माझ्दा मिआटा, माझ्दा आरएक्स-७, निसान २४०एसएक्स, डॅटसन २४०झेड, तीन-मालिकेतली बीएमडब्ल्यू अशा कितीतरी गाड्यांसाठी तयार किट विकत मिळतात. मिआटाचंच बघा. १९८९ साली आलेल्या या दोन आसनी गाडीचं १.६ लिटरचं इंजिन ११६ अश्वशक्ती देतं आणि गाडी हजार किलोच्याही आत भरते. तिच्यात एलएस-१ टाकलं तर वजन शंभर किलोच्या आसपास वाढतं, ताकद मात्र जवळपास तिप्पट होते.

ट्रक, कॉर्व्हेट की कॅमारो?

एलएस घराण्याची सर्वांत स्वस्त इंजिनं स्पोर्ट्स कारमध्ये सापडत नाहीत, ती पिकअप ट्रकमध्ये सापडतात. १९९९ पासून जनरल मोटर्सने ४.८, ५.३ आणि ६ लिटरची इंजिनं ट्रकमध्ये इतक्या मोठ्या संख्येने घातली, की भंगार यार्डांत त्यांना तोटा नाही. मग ठोकलेली स्पोर्ट्स कार कशाला? ट्रकच्या बहुतेक इंजिनांचा ब्लॉक बिडाचा, म्हणून चाळीसेक किलो जड. हवा घेणारा वरचा मॅनिफोल्ड उंच, त्यामुळे लहान गाडीचं बॉनेट लागत नाही. खालचं ऑइल चेंबर खोल, ते जमिनीला लागायची भीती. आणि मागे बहुधा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. हे सगळं बदलत गेलं, की स्वस्तातलं इंजिन महाग पडायला लागतं. स्पोर्ट्स कारमध्ये हेच भाग मुळातच हलके आणि बुटके असतात.

स्पोर्ट्स कारमध्येही फरक आहेत. कॉर्व्हेट भारीतली, तेव्हा डोनर म्हणूनही तीच उत्तम असावी असं वाटेल. पण १९९७ ते २०१९ पर्यंतच्या कॉर्व्हेटमध्ये वजन पुढे-मागे समान राहावं म्हणून गिअरबॉक्स इंजिनाला न जोडता मागच्या डिफरन्शियलला जोडला आहे आणि मध्ये एक लांब नळकांडं आहे. तो गिअरबॉक्स उचलून साध्या गाडीत इंजिनामागे लावता येत नाही. तिचं ऑइल चेंबर उथळ पण दोन्ही बाजूंनी पंखासारखं पसरलेलं आहे, ते अनेक गाड्यांच्या चेसिसला आपटतं. ॲक्सलरेटरही इलेक्ट्रॉनिक, त्यामुळे पेडल आणि त्याचा नियंत्रक सोबत आणावा लागतो.

कॅमारोमध्ये हेच सगळं सोपं आहे. टी-५६ हा सहा गिअरचा मजबूत गिअरबॉक्स थेट इंजिनामागे. ॲक्सलरेटरला साधी केबल. ऑइल चेंबर पुढे उथळ आणि मागे खोल, म्हणजे पुढच्या आडव्या बीमवरून निघून जाणारं. डोनर म्हणून मान कॅमारो आणि फायरबर्डला मिळतो तो या बारीकसारीक सोयींमुळे.

मार कुठे बसलाय?

डोनर निवडताना धडकेची दिशा पहिल्यांदा बघायची. मागून ठोकलेली गाडी सर्वांत बरी. बाजूने मार बसला असेल तर ब्लॉकवरची माउंटिंगची जागा आणि गिअरबॉक्सचं आवरण तपासावं लागतं. दोन्ही ॲल्युमिनियमची, वाकण्याआधी तडकणारी. समोरून धडक बसलेल्या गाडीत रेडिएटर मागे ढकलला जाऊन पुलीवर आदळलेला असू शकतो. एलएस-१ ची मुख्य पुली क्रँकशाफ्टवर चावीच्या खाचेशिवाय, नुसत्या घट्ट दाबाने बसलेली असते. ती हलली किंवा वाकली असेल, तर क्रँकला पुढे-मागे किती खेळ आहे ते मोजल्याशिवाय पुढे जाऊ नये. रेडिएटर फुटल्यावरही इंजिन काही मिनिटं चालत राहिलं असेल, तर ॲल्युमिनियमचे हेड तापून वाकलेले असण्याची शक्यता असते. उलटलेल्या गाडीत तेल भलतीकडे जातं. बेअरिंगना ते मिळत नाही आणि सिलिंडरमध्ये मात्र शिरतं. असं इंजिन स्टार्टरने फिरवायचं नाही. आधी सगळे स्पार्क प्लग काढायचे आणि पान्ह्याने हळूहळू हातानेच फिरवून बघायचं. पुरात बुडालेल्या गाडीच्या नादी तर लागूच नये. पाणी सिलिंडरमध्ये गंज सोडतं आणि वायरिंगच्या प्रत्येक कनेक्टरमध्ये हिरवा थर जमवतं. आज चाललेला सेन्सर सहा महिन्यांनी दगा देतो.

गाडी सुरू होत असेल तर ते सोन्याहून पिवळं. इंजिनाचा आवाज ऐकता येतो, तेलाचा दाब बघता येतो. अमेरिकेत १९९६ पासून प्रत्येक गाडीला ओबीडी-२ ही निदानाची सोय सक्तीची आहे, त्यामुळे साधा स्कॅनर लावून साठलेले दोष वाचता येतात. मग प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजायचं, जुना ऑइल फिल्टर कापून त्यात धातूचा चुरा आहे का ते बघायचं. गोदामातल्या फळीवर ठेवलेल्या सुट्या इंजिनाबाबत यातलं काहीच करता येत नाही. तिथे विकणाऱ्याच्या शब्दावर विसंबावं लागतं.

वऱ्हाडासकट

इंजिन एकटं येत नाही, वऱ्हाड घेऊन येतं. अल्टरनेटर, स्टिअरिंगचा पंप, एसीचा कॉम्प्रेसर आणि त्यांना फिरवणारा पट्टा, हे सगळं एका रेषेत असावं लागतं. एलएस घराण्यात ही रेषा इंजिनापासून किती पुढे, याची तीन मापं आहेत: कॉर्व्हेटचं सर्वांत आखूड, कॅमारोचं त्याहून लांब, ट्रकचं सर्वांत लांब. एका गाडीची पुली आणि दुसऱ्या गाडीचा अल्टरनेटर आणला, तर पट्टा तिरका बसतो आणि उडतो. क्रँकशाफ्टवरच्या दातेरी चकतीचंही तेच. एलएस-१ मध्ये तिला २४ दात, घराण्यातल्या पुढच्या इंजिनांत ५८. संगणक हे दात मोजूनच ठिणगीची वेळ ठरवतो, म्हणून चकती एका इंजिनाची आणि संगणक दुसऱ्याचा असला तर इंजिन सुरूच होत नाही.

डोनर अख्खा असेल तर हे प्रश्न पडतच नाहीत. क्लचचा हायड्रॉलिक सिलिंडर, गिअरचा दांडा, ऑक्सिजन सेन्सर, हवेचा प्रवाह मोजणारा सेन्सर, होजपाइप, ब्रॅकेट, वेगळ्याच मापाचे बोल्ट, सगळं जिथल्या तिथे सापडतं. एकेक विकत घ्यायला गेलं तर या किरकोळ वस्तूंचं बिल इंजिनाच्या किमतीशी स्पर्धा करतं. उरलेली गाडीही वाया जात नाही. चाकं, आसनं, ब्रेक, दारं, काचा विकून खर्चाचा बराच भाग निघतो आणि शेवटचा सांगाडा वजनावर भंगारात जातो.

काढतानाही कॅमारोची एक गंमत आहे. तिचं इंजिन अर्धंअधिक पुढच्या काचेखाली सरकलेलं आहे, त्यामुळे वरून उचलायला जागा मिळत नाही. अनुभवी लोक पुढची आडवी चौकट सैल करून इंजिन आणि गिअरबॉक्स खाली उतरवतात आणि गाडीचा सांगाडाच वर उचलून घेतात. त्याआधी प्रत्येक कनेक्टरला चिठ्ठी आणि प्रत्येक टप्प्याचा फोटो, ही शिस्त पाळावी लागते. इंजिन बाहेर आहे तोवर मागचं ऑइल सील, क्लच प्लेट आणि ऑइल पंपाच्या नळीवरची रबरी रिंग बदलून टाकायची. ती रिंग चिमटली गेली तर पंप तेलाऐवजी हवा ओढतो आणि तेलाचा दाब पडतो. किरकोळ किमतीची ती रिंग अख्खं इंजिन खाऊ शकते.

बसवल्यानंतर

नव्या गाडीत इंजिन टेकवलं, की साखळी पुढे सरकते. ११६ अश्वशक्तीसाठी घडवलेलं मिआटाचं डिफरन्शियल तिप्पट ताकदीपुढे टिकत नाही, तेव्हा मजबूत डिफरन्शियल आलं. प्रॉपेलर शाफ्ट नव्या लांबीचा बनवावा लागतो आणि त्याच्या दोन्ही टोकांचे कोन सारखे ठेवावे लागतात, नाहीतर गाडी ठरावीक वेगाला थरथरते. एक्झॉस्टचे पाइप स्टिअरिंगच्या दांड्याला चुकवून न्यावे लागतात. इंजेक्टरना सुमारे ४ बार दाबाने पेट्रोल लागतं. त्यासाठी कॉर्व्हेटचा दाबनियंत्रक अंगात असलेला फिल्टर वापरण्याची युक्ती रूढ आहे. रेडिएटर मोठा हवा, आणि हेडमधून वाफ बाहेर काढणारी बारीक नळी रेडिएटरच्या वरच्या बाजूला जोडायलाच हवी. ती बंद केली तर हेडमध्ये वाफेचे बुडबुडे साठतात आणि काटा साधारण दाखवत असतानाही आत एखादी जागा तापत राहते.

मग पाळी येते मेंदूची. एलएस-१ च्या संगणकात चोरीविरोधी कुलूप आहे. मूळ गाडीच्या चावीत एक रेझिस्टर असतो. त्याचं मूल्य जुळल्याचा संदेश आला नाही, तर संगणक इंजिनाला पेट्रोलच सोडत नाही. परक्या गाडीत असा संदेश देणारं कुणी नसतं. म्हणून संगणक नव्याने प्रोग्रॅम करून ते कुलूप काढतात, त्याच वेळी चाकांचं आणि गिअरचं नवं माप त्याला देतात आणि वायरिंगमधल्या एअरबॅग वगैरेंच्या अनावश्यक तारा सोडवून घेतात. या संगणकाची भाषा बाहेरच्या लोकांना कधीच उलगडली आहे, हेही एलएस-१ च्या लोकप्रियतेचं मोठं कारण. याउलट २०२० च्या नव्या कॉर्व्हेटचा संगणक कूटबद्ध होता आणि बाहेरच्या तंत्रज्ञांना त्यात बराच काळ शिरता आलं नाही. लोखंड कितीही सरस असलं, तरी मेंदू बंद असेल तर डोनर म्हणून भाव पडतो.

कायदा काय म्हणतो?

या बाबतीत सर्वांत काटेकोर राज्य कॅलिफोर्निया. तिथे १९७५ पर्यंतच्या गाड्यांना धुराच्या तपासणीतून सूट आहे. त्यानंतरच्या गाडीत दुसरं इंजिन टाकायचं असेल, तर ते गाडीच्याच सालचं किंवा नंतरचं हवं. म्हणजे १९९४ च्या मिआटात २००० चं एलएस-१ चालेल, २००४ च्या गाडीत चालणार नाही. इंजिनासोबत मूळ गाडीतली प्रदूषण नियंत्रणाची सगळी सामग्री यायला हवी: कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर, पेट्रोलची वाफ साठवणारा कोळशाचा डबा आणि डॅशबोर्डवरचा इशाऱ्याचा दिवासुद्धा. राज्याने नेमलेला रेफरी हे सगळं पाहून संमतीचं लेबल लावतो. सुटं इंजिन आणलेल्या माणसाला ही यादी पुरी करताना नाकी नऊ येतात. अख्खी डोनर गाडी घेतलेल्याच्या अंगणात ती यादी आधीच उभी असते.

भारतात ही वाट बव्हंशी बंद आहे. पेट्रोलवरच्या जीप आणि ॲम्बेसेडरमध्ये डिझेल इंजिन बसवण्याचं काम आपल्या गॅरेजांनी वर्षानुवर्षं केलं, पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांपेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. इंजिन क्रमांक आरसी बुकात असतो, त्यामुळे त्याच जातीचं इंजिन बदलून टाकलं तरी आरटीओकडे नोंद करावीच लागते. अमेरिकेत, कॅनडात किंवा ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या मराठी हौशींनीही आधी आपल्या राज्याचा नियम वाचावा आणि मग लिलावाचं पान उघडावं.

आता मोटरची पाळी

गेल्या काही वर्षांत लिलावाच्या यार्डांत नवा डोनर दिसतो: ठोकलेली टेस्ला. मॉडेल एसची मोटर, इन्व्हर्टर आणि गिअर हे एकाच आटोपशीर गोळ्यात मागच्या चाकांमध्ये बसतात. ८५ किलोवॅट-तासांच्या तिच्या बॅटरीत १६ सुटे होणारे संच आणि एकूण ७,१०४ सेल असतात. ते संच सोडवून पोर्शे, फोक्सवॅगनसारख्या जुन्या गाड्यांत जागा मिळेल तिथे वाटून बसवले जातात. इथे पुशरॉड नाहीत, ऑइल चेंबर नाही, एक्झॉस्टही नाही. तरी अडचण तीच. मोटर मूळ गाडीच्या संगणकांशी बोलत असते आणि त्यांच्याशिवाय ती हलत नाही. त्यामुळे इन्व्हर्टरमधलं नियंत्रणाचं सर्किटच बदलून आपलं बसवणारे छोटे उद्योग उभे राहिले.

धडकेच्या दिशेचा नियम मात्र इथे उलटतो. मोटर मागे असल्यामुळे पुढून ठोकलेली गाडी बरी आणि मागून ठोकलेली संशयास्पद. बॅटरी संपूर्ण तळाखाली पसरलेली, म्हणून खालून बसलेला मार सर्वांत घातक. लिलावात काय बघायचं हे इंजिनागणिक बदलेल, बघण्याचा क्रम मात्र बदलणार नाही. आधी आपल्या राज्याचा कायदा, मग संगणक उघडतो का, मग सोबतचं साहित्य पुरं आहे का, आणि अश्वशक्ती सर्वांत शेवटी. हा क्रम उलटा लावणाऱ्यांच्या अर्धवट राहिलेल्या गाड्याही लिलावात येतातच. त्यांच्यासाठी बोली लावणारे फार नसतात.